आधी आपल्या माणसाचा कान

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर फलक लावायला आता जागा उरलेली नाही. टाउन हॉल, पोस्ट, स्टेट बँक, जुना छापखाना, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखी. शिंद्यांनी एकाच चौकात निरनिराळ्या घडणीच्या इमारती उभ्या केल्या आणि आपण त्यांच्या तोंडावर फ्लेक्स बांधले. वाढदिवस, नियुक्ती, नगरागमन. हे जुनं दुखणं आहे. नवं दुखणं 2025च्या मे महिन्यापासूनचं. फलकावर लढाऊ विमान आलं. वर विमान, मध्ये नेता, खाली टपालाच्या तिकिटाएवढ्या चौकटींत कार्यकर्त्यांचे चेहरे. एका फलकावर तर विमानाचं नाक नेत्याच्या जाकिटाआड गेलेलं होतं. उडालं कोण आणि फोटो कुणाचा?

प्रचारात सैनिकांची छायाचित्रं वापरू नका, असं निवडणूक आयोगानं डिसेंबर 2013मध्येच सगळ्या पक्षांना लेखी कळवलं होतं. मार्च 2019मध्ये तेच पुन्हा कळवावं लागलं. निवडणूक नसेल तेव्हा हा नियम लागू होत नाही, हे मला कोणी सांगू नये. लाज निवडणुकीपुरती नसते.

माझं राजकारण मी लपवत नाही. आमच्या घरात जनसंघाच्या दिव्याला मत पडत आलं. नारायणराव शेजवलकरांना 1977 आणि 1980मध्ये ग्वाल्हेरातून लोकसभेत पाठवणाऱ्यांत आमचं घर होतं. देव, देश, कुटुंब, वडीलधारी, दिलेला शब्द, सैन्याची वर्दी यांना मी मानतो आणि ते मानणं मागासपणाचं आहे असं मला वाटत नाही. 2025च्या 22 एप्रिलला पहलगामच्या कुरणात 26 माणसं मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे, आणि पाहुण्यांसाठी हल्लेखोरांच्या अंगावर गेलेला तिथला एक घोडेवालाही होता. त्याचं उत्तर द्यायलाच हवं होतं. 7 मेच्या पहाटे लष्करी कारवाईनं ते दिलं गेलं, ते योग्यच झालं. ज्यांना त्या दिवशीही शांततेचे परिसंवाद सुचत होते, त्यांच्याशी माझं जमणार नाही.

म्हणूनच पुढचं मी बोलायला हवं. विरोधकांनी बोललेलं आमच्या लोकांना ऐकूच येत नाही.

12 मे 2025. महूजवळचं रायकुंडा गाव. महू म्हणजे लष्कराचंच गाव, तिथल्या शाळांत आणि संस्थांत अधिकारी घडतात. तिथून जवळच आमच्या राज्याचे मंत्री विजय शाह सभेत बोलायला उभे राहिले आणि 7 मेच्या कारवाईची माहिती देशाला देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचं नाव न घेता, सगळ्यांना कळेल अशा बेतानं, त्यांना दहशतवाद्यांची बहीण म्हणून मोकळे झाले. समोरून टाळ्या आल्या. मंत्र्याच्या शब्दांइतकाच मला त्या टाळ्यांचा त्रास झाला. दोन दिवसांनी उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला लावला. मंत्र्यांची माफी सर्वोच्च न्यायालयाला पटली नाही, 19 मे रोजी तीन पोलीस अधिकाऱ्यांचं तपास पथक नेमलं गेलं. सगळं न्यायालयानं केलं. आमच्या भाजपनं काय केलं? समज दिली. मंत्रिपद शाबूत राहिलं.

हेच गृहस्थ 2013मध्ये मुख्यमंत्र्यांच्या पत्नीबद्दल जाहीर सभेत नको ते बोलले होते. तेव्हा राजीनामा घेतला गेला आणि काही महिन्यांतच त्यांना परत घेतलं गेलं. पहिल्या वेळी नीट धडा दिला असता तर दुसरी वेळ आली नसती, हे चौथीच्या वर्गातल्या मास्तरांना कळतं.

राजीनामा काँग्रेसनं मागितला. ते तिचं कामच आहे. मागायला हवा होता आम्ही. ज्यांच्या घरी बहीण, भाऊबीज, कुलाचार हे शब्द रोज उच्चारले जातात, त्यांनी बाड्यावर उभं राहून म्हणायला हवं होतं, की हा आमचा माणूस आहे म्हणूनच हा जाईल. आम्ही गप्प बसलो. विरोधकांच्या हातात कोलीत कशाला द्या, असं एकमेकांना सांगत बसलो.

शिवाजी महाराजांच्या अगदी सुरुवातीच्या उपलब्ध पत्रांपैकी एक रांझे गावच्या पाटलाबद्दलचं आहे. पाटलानं एका बाईशी बदअंमल केला. महाराजांनी त्याला धरून आणवलं, चौकशी केली, हातपाय तोडायला लावले आणि पाटीलकी काढून घेतली. शाळेत हा प्रसंग आपण सगळे शिकलो. त्यातली एक गोष्ट मात्र विसरलो. तो पाटील मोगलांचा नव्हता. शत्रूच्या गोटातला नव्हता. महाराजांच्या जहागिरीतला, त्यांच्या मुलखातला, त्यांच्याच माणसांतला होता. आजच्या कायद्यात हातपाय तोडणं नाही, नसावंच. पाटीलकी मात्र आजही काढता येते. त्यासाठी मुख्यमंत्र्यांची एक सही पुरते.

आणि मुसलमानाला आपला मानायचं की नाही, हा प्रश्न ग्वाल्हेरला बाहेरचा नाही. बाड्याला लागून गोरखीत शिंद्यांचं देवघर आहे. तिथेच मन्सूर शहा बाबांचं स्थान आहे. बीडकडच्या या अवलियाला शिंदे घराण्यानं गुरू मानलं, त्याचा उरूस पिढ्यान्‌पिढ्या केला, आणि त्याच घराण्यानं दसऱ्याची शस्त्रपूजा आणि शमीपूजनही कधी चुकवलं नाही. हे कोणत्याही पुरोगामी पुस्तकातून आलेलं नाही. ही या गावची जुनी रीत आहे. जुनं जपायचं म्हणणाऱ्यानं हेही जपायला हवं. सोयीचं तेवढं जपायचं असेल तर परंपरेचं नाव घेऊ नये.

पलीकडच्यांनी मात्र यावर टाळ्या पिटू नयेत. शाहांच्या सभेला तीन दिवस झाले नाहीत तोच मुरादाबादेत समाजवादी पक्षाचे रामगोपाल यादव यांनी विंग कमांडर व्योमिका सिंह यांची जात शोधून काढून सभेत सांगितली. एकानं वर्दीखाली धर्म पाहिला, दुसऱ्यानं जात. दोघीजणी देशासमोर उभ्या राहून नेमकं काय घडलं ते नीट, कमी शब्दांत सांगत होत्या. पुढाऱ्यांना तेवढं जमत नाही म्हणून तर हा त्रागा नाही ना?

आमचेच उपमुख्यमंत्री जगदीश देवडा. सैन्य पंतप्रधानांच्या चरणी नतमस्तक आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी जबलपुरात उच्चारलं. मग विपर्यास झाला म्हणाले. मी पंतप्रधानांना मत दिलेलं आहे आणि तरीही सांगतो, भारतीय सैनिक माणसाच्या चरणी नतमस्तक होत नसतो. तो निशाणाला सलाम करतो. 2019मध्ये योगी आदित्यनाथ सैन्याला मोदीजींची सेना म्हणाले, तेव्हा निवृत्त सेनाधिकाऱ्यांना राष्ट्रपतींना पत्र लिहावं लागलं होतं. वर्दी उतरवलेल्या म्हाताऱ्या माणसांवर अशी पाळी आणणं ही कसली देशभक्ती?

भाषा घसरली ती फक्त मंचावर नाही. पहलगामला नवरा गमावलेल्या, लग्नाला जेमतेम आठवडा झालेल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीनं म्हटलं, की मुसलमानांवर आणि काश्मिरींवर राग काढू नका, न्याय मात्र हवा. तिच्यावर मोबाइलवरून जे ओतलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लिहिणारे कोण होते? प्रोफाइलवर भगवा झेंडा, श्रीरामाचं चित्र. 10 मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी जाहीर केलं, तर त्यांच्या कुटुंबालाही सोडलं नाही. निर्णय सरकारचा, शिव्या सचिवाच्या घरच्यांना. विधवेला शिवी देणारा माणूस हिंदू संस्कृतीचा रक्षक असू शकत नाही. माझ्या आजीसमोर असं कुणी बोललं असतं तर तिनं त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं.

त्याच आठवड्यातली 8 मेची रात्र. टीव्हीवर कराचीचं बंदर पेटलं, इस्लामाबाद पडलं, कोण पळालं, कोण पकडला गेला. सकाळी कळलं, यातलं काही घडलेलंच नव्हतं. खोटं सांगणाऱ्यांनी माफी मागितली का? एखाद्या वृत्तनिवेदिकेनं मागितली असेल. बाकीचे दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात, त्याच सुटात हजर. लढाईत विमानं गमावल्याचं सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी 31 मे रोजी सिंगापुरात मान्य केलं. किती हे त्यांनी सांगितलं नाही, चूक कुठे झाली आणि ती दुरुस्त करून पुन्हा कसं उड्डाण केलं, ते सांगितलं. सैनिक नुकसान मान्य करतो आणि पुढच्या कामाला लागतो. स्टुडिओतल्या शूरांना ते सोसत नाही.

ग्वाल्हेरच्या माणसाला या गोष्टी ऐकीव नाहीत. महाराजपुऱ्याच्या तळावरून मिराज उठलं की इथल्या घराच्या काचा थरथरतात आणि स्वयंपाकघरातली बाई हात न थांबवता म्हणते, गेलं. बालाकोटला, फेब्रुवारी 2019मध्ये, इथलीच मिराज गेली होती. मग किती मेले याचा बाजार सुरू झाला. आमच्या पक्षाच्या अध्यक्षांनी अडीचशेहून अधिक असा आकडा दिला. दुसऱ्याच दिवशी हवाईदल प्रमुख बी. एस. धनोआ म्हणाले, की लक्ष्यावर मारा झाला की नाही हे आम्ही बघतो, माणसं मोजणं आमचं काम नाही. ज्यांनी बाँब टाकले ते मोजत नव्हते आणि ज्यांनी खिडकीतून विमानही पाहिलं नव्हतं त्यांच्याकडे मोजणी तयार होती.

त्याच सुमारास राघोगडचे दिग्विजय सिंह पुरावे मागत होते आणि पुलवाम्याच्या हल्ल्याला दुर्घटना म्हणत होते. चाळीस जवान मारले गेले त्याला दुर्घटना? रस्त्यावर बैल आडवा आला होता काय? सरकारला प्रश्न विचारायचा हक्क सगळ्यांना आहे. पण सैनिकाच्या मरणाला असं निर्जीव नाव देणाऱ्याला लोक मत देत नाहीत, यात लोकांचं काही चुकत नाही.

बालाकोटच्या दुसऱ्याच दिवशी, 27 फेब्रुवारीला, बडगामवर आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं हेलिकॉप्टर पडलं. हवाईदलाचे सहा जण गेले, जमिनीवरचा एक नागरिक गेला. ही आपली मोठी चूक होती, असं नवे हवाईदल प्रमुख भदौरिया यांनी ऑक्टोबरमध्ये स्पष्ट सांगितलं. तोवर निवडणूक उरकली होती. त्या सहा घरांना सत्य सात महिने उशिरा मिळालं. याबद्दल आमच्या बाजूच्या एकानंही तोंड उघडलं नाही.

अटलजींची आठवण बाड्यावर काढावी लागत नाही, ती असतेच. गोरखीची शाळा इथलीच, नया बाजारातले बहादुराचे लाडू इथलेच. याच गावानं 1984मध्ये त्यांना पावणेदोन लाख मतांनी पाडलं होतं, माधवराव शिंद्यांकडून. त्यांनी गावाला शाप दिला नाही. 17 एप्रिल 1999 रोजी त्यांचं सरकार एका मतानं पडलं. 269 विरुद्ध 270. एक मत मिळवणं दिल्लीत अवघड नसतं. मे महिन्यात कारगिल सुरू झालं, तेव्हा ते काळजीवाहू पंतप्रधान होते, डोक्यावर निवडणूक होती. तरी त्यांनी ताबारेषा ओलांडू दिली नाही. हवाईदलालाही तेच बंधन. टायगर हिलवर लेसरनं नेम साधणारे बाँब टाकायला इथलीच मिराज गेली, तीही रेषेच्या अलीकडे राहून. या बंधनाची किंमत जवानांनी चुकवली, 527 जण गेले, आणि त्यावर आजही मतभेद आहेत. पण आपल्या हातात बळ असताना, लोक पुढे जा म्हणून ओरडत असताना, हात आवरणारा माणूस माझ्या पक्षात होता. आज त्याच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या किती जणांना ते आवरणं आठवतं?

हात आवरणं आपल्याकडे नवीन नाही. 1673मध्ये चिपळूणकडे घोडदळाची छावणी पडली होती. महाराजांनी तिथल्या कारभाऱ्यांना सविस्तर पत्र धाडलं. रयतेचा दाणा-वैरण उचलू नका, जे हवं ते बाजारातून विकत घ्या. आणि रात्री दिवे मालवून झोपा, नाहीतर पेटती वात उंदीर ओढून नेईल, गवताला लागेल आणि घोडी मरतील. सततच्या लढायांतला राजा उंदराचा विचार करतो. लोकांना त्रास झाला तर मोगलांपेक्षा वाईट म्हणतील, याची त्याला काळजी. याला मी परंपरा म्हणतो.

7 मेच्या संध्याकाळी ग्वाल्हेरात नागरी संरक्षणाची रंगीत तालीम होती, दिवे बंद करायचे होते. भोंगा वाजला. बाड्यावरच्या फळांच्या रसवाल्यानं आधी यंत्र थांबवलं, मग बल्ब काढला. काढला म्हणजे फडक्यानं धरून, फिरवून, खिशात टाकला. बटणावर त्याचा विश्वास नसावा. शेजारच्या गजकवाल्यानं काच झाकली. दुकानांच्या पाट्या एकेक करून विझत गेल्या. आणि मग चौकाच्या मधोमध सात-आठ पोरं मोबाइलचे दिवे लावून, झेंडा अंगावर घेऊन रील काढायला लागली. घोषणा जोरात होत्या. हवालदार धावला, तेव्हा म्हणाली, देशासाठीच करतोय ना. अंधार करायला सांगितला तर अंधार करणं, एवढाच त्या रात्रीचा देश होता. तो रसवाल्यानं सांभाळला.

पोरांना मी दोष देणार नाही, त्यांनी मोठ्यांचं पाहिलं. बाड्यालगतच्या सराफ्यात कडुनिंब आहे, तिथे अमरचंद बांठियांचा पुतळा आहे. शिंद्यांच्या खजिन्याचे ते राखणदार. 1858च्या जूनमध्ये त्यांनी राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोप्यांच्या उपाशी सैन्याला पैसा दिला, म्हणून इंग्रजांनी त्यांना इथे भरबाजारात फाशी दिलं. वाण्याचा धंदा, हिशेबाची वही आणि शेवटी झाडाची फांदी. सराफ्यात खरेदीला येणाऱ्या किती जणांना हे पोरांना सांगावंसं वाटतं? त्याऐवजी याच गावात, 2017च्या नोव्हेंबरात, दौलतगंजच्या कार्यालयात हिंदू महासभेनं नथुराम गोडसेची मूर्ती बसवली. ती प्रशासनानं उचलली, तर 2021मध्ये त्याच्या नावानं ज्ञानशाळा काढली. प्रार्थनेला निघालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नि:शस्त्र म्हाताऱ्याला गोळी घालणं हे कोणत्या धर्मशास्त्रात बसतं? गांधींचं राजकारण मला पटत नाही. पण ती पिस्तूल ग्वाल्हेरातून गेली होती, ही या गावाला सांगायची गोष्ट नाही, मान खाली घालायची आहे. यावर काँग्रेसवाले ओरडले. आमच्या मराठी मंडळींतून, गणेशोत्सवात देशप्रेमावर व्याख्यानं ठेवणाऱ्यांतून, फार थोडे बोलले.

शब्दाचंही तसंच. 1967मध्ये शिंदे घराण्याच्या राजमातांनी द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पाडलं, छत्तीस आमदार फोडून, आणि आमच्या घरी पेढे वाटले गेले. 2020मध्ये त्यांच्याच नातवानं बावीस आमदारांसह कमलनाथांचं सरकार पाडलं, पुन्हा पेढे. मतदारानं पंजावर निवडलेला माणूस कमळावर जाऊन बसला, तर त्यात आपला फायदा असला तरी मतदाराचा विश्वासघात होतोच. ग्वाल्हेर पूर्व आणि डबऱ्यात पोटनिवडणुकीला लोकांनी पक्ष सोडून आलेल्यांना घरी बसवलं. सरकारनं त्याच पडलेल्यांना महामंडळांवर नेमलं. मग 2022मध्ये शहरानं 57 वर्षांनी काँग्रेसचा महापौर निवडला. आमच्या लोकांनी त्याचं खापर उमेदवारीवर फोडलं, बंडखोरीवर फोडलं. एवढं सगळं शोधलं, पण आपण काय केलं होतं ते शोधलं नाही.

आता अग्निवीर. भिंड-मुरैना म्हणजे फौजेचा मुलूख, गावागावांत पहाटे पोरं धावतात. 14 जून 2022ला योजना आली, दोन दिवसांत ग्वाल्हेरात बिर्लानगर स्टेशन फुटलं, गोला का मंदिराजवळ जाळपोळ झाली. रेल्वे फोडणाऱ्याला फौजेत जागा नको, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण रेजिमेंट म्हणजे नाव, नमक, निशाण आणि पिढ्यांचं नातं, असं मानणाऱ्या पक्षानं सैनिकाला चार वर्षांचा केला. चारांतला एक राहणार, तीन घरी. हे डाव्यांनी केलं असतं तर आपण रस्त्यावर उतरलो असतो. फौजेतल्या माणसाला शांततेतही मरण चुकत नाही. जानेवारी 2023मध्ये सरावाच्या उड्डाणात मिराज आणि सुखोई एकमेकांवर आदळली, मुरैन्यात पहाडगढजवळ मिराज पडलं आणि त्यातले बेळगावचे विंग कमांडर गेले.

अग्निवीरांची पहिली तुकडी 2022च्या शेवटाला प्रशिक्षणाला लागली. 2026 संपता संपता तिची चार वर्षं भरतील. पोलिसांत, निमलष्करी दलांत राखीव जागा देऊ, अशी घोषणा झाली आहे. तिरंगा यात्रेत विमानाचा फलक धरणाऱ्या आमच्या आमदार-खासदारांनी बाड्यावर येऊन सांगावं: भिंडच्या कोणत्या पोराला कोणत्या महिन्यात कुठे रुजू करून घेणार आहात? नावनिशी यादी लावा. टाउन हॉलच्या भिंतीवर जागा करून देतो, एक वाढदिवस कमी लागेल.